उडी ठीक आहे, हप्त्याचं काय?

आमच्या टीममध्ये सध्या दोन राजीनामे पडून आहेत. पडून म्हणजे ड्राफ्टमध्ये. एक आमच्या टेस्टिंगवाल्या मैत्रिणीचा. ती अभंग आणि भक्तिगीतं गाते, आणि खरंच चांगली गाते (गणपतीत आमचा बॉससुद्धा फोन खाली ठेवून ऐकतो). दुसरा अकाउंट्समधल्या मित्राचा. कॉलेजात तो तिहेरी उडीत युनिव्हर्सिटीचं मेडल मारायचा. आता वय एकोणतीस, कमरेला बेल्ट एक भोक पुढे, पण स्वप्न अजून वाळूच्या खड्ड्यातच आहे.

गेल्या शनिवारी या दोघांसकट आम्ही सातजण पन्हाळ्यावर होतो. अंबरखान्याजवळच्या हिरवळीवर साहेबांना अचानक फॉर्म सापडला. लांबून धावत आला, ज्या पायावर उडाला त्याच पायावर उतरला, मग दुसऱ्या पायावर एक लांब ढांग आणि शेवटची उडी थेट चिखलात. टेप कोणाकडेच नव्हता, म्हणून हिनं ओढणीनं अंतर मोजलं. पावणेपाच ओढण्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण तो चिखलातच बसून म्हणाला, "सांगा रे, सोडू का नोकरी?"

उत्तर भाकरीवाल्या मावशींनी दिलं. "आधी भाकरी खावा, गार हुतीया."

झुणका, खर्डा, दही समोर आलं आणि विषय रंगला. 'पॅशन फॉलो करा' हा फंडा मला स्वतःला कधीच झेपलेला नाही. पोस्टरवर बरा दिसतो, पण पोस्टरवर ईएमआय छापलेला नसतो. आणि आपण बसलो होतो कुठे? पन्हाळ्यावर. कवी मोरोपंतांचा जन्म इथला, १७२९ सालचा. या गृहस्थांनी १०८ रामायणं लिहिली म्हणतात. एकशे आठ! आणि पोटासाठी काय करत होते? बारामतीला बाबूजी नाईकांच्या वाड्यावर पुराणिकाची नोकरी.

गड उतरून वीसेक किलोमीटर गेलं की कोल्हापूर. तिथं २५ जुलै १९१९ रोजी जन्मलेल्या राम फडके नावाच्या मुलानंही पुढे रामायणच गायलं. आपण त्यांना सुधीर फडके म्हणतो. उमेदवारीच्या काळात गाणं पोटाला पुरत नव्हतं. गावोगाव भटकणं झालं, उपाशी झोपणंही झालं. 'गीतरामायण' आलं ते नंतर, सिनेमांची कामं हातात असतानाच. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर. मध्ये अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन्न गाणी झाली. गदिमांनी लिहून दिलेलं पहिलंच गाणं ऐन वेळी हरवलं, आणि आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत बसवून पुन्हा लिहून घेतलं, असा किस्सा सांगतात. डेडलाइन म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवू नये, असं आपल्याला उगाच वाटतं.

पण खरी गोष्ट मला सांगायची होती ती खाशाबा जाधवांची, कारण आमच्या उडीवाल्याचा प्रश्न त्यांच्या जवळचा आहे.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापुरात राजाराम कॉलेजला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर. आयुष्य लाल मातीत गेलेलं, तिथं मॅट. तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पुन्हा तोच प्रश्न: पैसे? गावानं वर्गणी काढली, ओळखीच्यांपुढे हात पसरले, तरी कमीच. शेवटी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं. सात हजार रुपयांना. विचार करा, तुमच्या प्रिन्सिपलनी तुमच्यासाठी काय गहाण टाकलं असतं? आमच्यांनी हॉल तिकीट वेळेवर दिलं असतं तरी खूप होतं.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायची हाक आली. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. तरीही ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मला आवडतो तो मिरवणुकीनंतरचा भाग. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढले, आणि मिळालेले पैसे खर्डेकरांच्या हातात ठेवले, घर सोडवायला. १९५५ मध्ये पोलिसात फौजदार झाले, निवृत्तीपर्यंत नोकरी केली, १९८४ मध्ये रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ साल उजाडलं. पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. आणि पदक जिंकला त्या दिवशी तो रेल्वेत टीसी होता, हे विसरू नका.

सुधीर फडक्यांचं शेवटचं मोठं कामही असंच. सावरकरांवरचा सिनेमा लोकवर्गणीतून उभा केला, त्यात वर्षं गेली, २००१ मध्ये पडद्यावर आला. पुढच्याच जुलैत ते गेले. एवढं नाव असलेला माणूस म्हातारपणी लोकांपुढे पावतीपुस्तक धरतो, यात त्याला कमीपणा वाटला नाही.

हे सगळं मी भाकरीचा तुकडा हातात धरून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्यासाठी घर कोण गहाण टाकणार?"

"माझं घरच नाही," ही म्हणाली. "स्कूटीचे हप्ते आहेत, ते हवे तर घे. पण रविवारी सकाळी मैदानावर येऊन टेप धरीन. ओढणी परवडत नाही, चिखल निघत नाही."

उतरताना गाडीत तिनं गायलं. आमच्या ड्रायव्हरनं, न सांगता, टेप बंद केला.

सोमवारी दोन्ही ड्राफ्ट जागेवरच होते. बुधवारी हा माझ्या डेस्कशी येऊन उभा राहिला. खिशात तिच्या कार्यक्रमाची तिकिटं, दीडशे रुपयाला एक. मी म्हटलं, मित्राला पास नाही का?

"पास नाही," तो म्हणाला. "हॉलचं भाडं मी भरलंय. दोन घे."