पैसे मोजून उकाडा

हौसेला मोल नसतं म्हणतात. साफ खोटं! मोल असतं, आणि वर जेवणाचे वेगळे पडतात.

हल्ली आमच्या नंदुरबारात तंबूची हौस शिरली आहे. आमचे स्नेही आप्पा होळी उलटल्यावर मोटार काढून सुरत, बडोदे, अहमदाबाद असे मजल दरमजल करीत कच्छातल्या मांडवीच्या किनाऱ्यावर तीन रात्री राहून आले. खाली वाळू, वर सूर्य, समोर खारं पाणी.

"काय सांगू भाऊ! पंखा नाही, नळ नाही. खरं जीवन!"

वहिनी म्हणाल्या, "वाळू अजून डब्यांतून निघतेय."

मी म्हणतो, उकाड्याचा आपल्याकडे काय दुष्काळ आहे? मिरची वाळत घातलेल्या पथारीशेजारी भरदुपारी उताणं पडावं. घामही येतो, डोळ्यांतून धाराही लागतात, आणि कुणी भाडं मागत नाही!

पण माझं भांडण उकाड्याशी नाही, त्या 'खऱ्या जीवना'शी आहे. आप्पांच्या वाटेवरच कच्छचं छोटं रण लागतं. पावसाळा सरला की अगरिया कुटुंबं तिथे उतरतात आणि पुढच्या पावसापर्यंत झोपड्यांतून राहून मीठ पिकवतात. पिण्याचं पाणी टँकरने येतं. आपल्याच अक्राणी-अक्कलकुव्याकडची कितीतरी माणसं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांचं बिऱ्हाडही ताडपत्रीखालीच. तिथेही पंखा नाही, नळ नाही. पोरांची शाळा बुडते ती वेगळीच. त्याला मात्र कुणी 'कॅम्पिंग' म्हणत नाही.

फरक एवढाच, की आप्पांनी आगाऊ पैसे भरले होते आणि तोडणीवाल्याने आगाऊ उचल घेतलेली असते. चौथ्या दिवशी आप्पा तंबू सोडून घरी आले. उचल फिटेपर्यंत त्याला सोडता येत नाही. ज्या तंबूतून मनात येईल तेव्हा उठून जाता येतं, ती सहल. जीवन म्हणजे दुसरा तंबू!

तेव्हा तंबूत खुशाल राहा. पण नळ नसण्याचं कौतुक तेवढं करू नका. ज्यांच्या पालात नळ, दिवा आणि पोरांची शाळा नाही, त्यांना ती मिळावी म्हणून तोच आवाज लावा. उन्हातून आल्यावर आपण लिंबाचं सरबत पितो ना? त्यातलं मीठ एका झोपडीतून येतं, साखर दुसरीतून. आपलं म्हणाल तर लिंबू. आणि तेही वहिनींनी पिळलेलं!