टिकटिक वाढवताना

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने लिहायचे म्हणजे संतवाङ्मयावर, नाहीतर शुद्धलेखनावर, अशी वाचकांची एक समजूत असते. वर्षभर या पानावर मी ती फारशी मोडलेली नाही. आज मोडतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी जे प्रकरण झाले ते त्या दोन्हींत बसणारे नाही. घरगुती प्रकरणे जशी सुरू होतात तसेच तेही सुरू झाले, म्हणजे साफसफाईतून.

सौभाग्यवतींनी माळे उपसले आणि चिरंजीवांच्या वाट्याला काँप्युटर आला. २०१९ साली घेतलेला तो डबा त्याने उघडला तेव्हा पंख्यावर धुळीची अशी गोधडी जमली होती की मला आमच्या कॉलेजचे ग्रंथालय आठवले. फुंकर मारता मारता तो एकदम ओरडला, “बाबा, यात आय५-९६००के आहे. ‘के’ आहे!”

‘क’ची बाराखडी शिकवण्याची वेळ माझ्यावर कधी आली नसली, तरी एका ‘के’ने माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हते. त्याने समजावून सांगितले ते असे. प्रोसेसरच्या पोटात एक टिकटिक चालू असते. मूळ ठोका सेकंदाला दहा कोटी वेळा पडतो आणि त्याला एका गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग निघतो. आमच्या प्रोसेसरचे सहाही भाग एकदम कामाला जुंपले तर गुणक असतो ४३, म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झ, सेकंदाला चारशे तीस कोटी ठोके. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत हा गुणक कुलूपबंद असतो, ‘के’वाल्यांत मोकळा. मात्र मदरबोर्डही ‘झेड’ जातीचा लागतो. आमचा होता. एएमडीच्या रायझन घराण्यात कुलपाची भानगड जवळजवळ नाही. तिथे मदरबोर्ड तेवढा ‘बी’ किंवा ‘एक्स’ मालिकेतला पाहून घ्यावा लागतो.

“मग गुणक वाढवू का?” त्याने विचारले. त्याच्या कॉलेजच्या मंडळींनी एकांकिकेचे चित्रीकरण केले होते आणि ते शेवटी एका फितीत गुंफायला यंत्र पन्नास मिनिटे घेत असे. नवीन यंत्राचे पैसे आमच्याजवळ नव्हते, हे त्यालाही माहीत होते.

मी ठाम नकार दिला. कारण त्याच डब्यात माझी आई होती. असे म्हटले की विचित्र वाटेल, पण गोष्ट खरी. ती गेली त्याला अकरा वर्षे झाली. जाण्याआधी दोन उन्हाळे मी तिच्या आवाजात जात्यावरच्या एकशे चाळीस ओव्या तीन कॅसेटींवर घेतल्या होत्या. पुढे त्या काँप्युटरवर उतरवताना एक फीत बुरशीने चिकटून तुटलीच. आता त्या ओव्या दुसऱ्या कुठेही नव्हत्या. आणि हा मुलगा म्हणत होता, टिकटिक वाढवू!

त्यावर तो रागावला नाही. “बाबा, तुम्ही दुसरी प्रत ठेवलीच नाही?” एवढेच त्याने विचारले. विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिकेची पाने मोजायला सांगणारा मी. माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून एक बाहेरची डिस्क आणली, ओव्या तिच्यावर उतरवल्या आणि ती हिच्या दागिन्यांच्या कपाटात ठेवून दिली. मग माझ्या नकाराला फारसा आधार उरला नाही.

आता तुम्ही विचाराल, कारखानदाराने ४३ ठरवले असताना आपण शहाणे कोण? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर मात्र माझ्याच धंद्यातले निघाले. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो प्रोसेसर घडतात, पण सगळे सारखे उतरत नाहीत. कारखाना त्यांची परीक्षा घेतो आणि गुणांप्रमाणे वर्ग लावतो. कित्येकदा बाजाराला दुसऱ्या वर्गाचाच माल जास्त हवा असतो. मग पहिल्या वर्गाचे विद्यार्थीही दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर आला. मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला की तो बहुधा ४५० वर बिनतक्रार धावे. हौशी लोक त्याचे नाव अजून काढतात. ते दिवस मात्र आता गेले. आजचे प्रोसेसर आपला वेग गरजेप्रमाणे स्वतःच वाढवून घेतात आणि आपल्यासाठी तळाशी थोडीशीच साय ठेवतात.

नवशिक्याने काय करावे, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. आधी धूळ काढावी, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी आणि काहीही न वाढवता पूर्ण कामाखाली तापमान किती जाते ते लिहून ठेवावे. मूळच्या वेगालाच यंत्र तापत असेल तर पुढे जाऊच नये. वीजपुरवठ्याचा डबा हलक्या प्रतीचा असेल तरीही नाही. लॅपटॉपच्या वाटेला तर जाऊच नये. आणि एवढे करूनही वाढीव वेगाने प्रोसेसर बिघडला तर वॉरंटीचा उपयोग होत नाही, हे घरच्यांना आधी सांगावे.

बायोसमध्ये गुणक एका वेळी एकानेच वाढवावा. मेमरीचा वेग तेव्हा हात न लावता ठेवावा, नाहीतर चूक कोणाची हे कळत नाही. दर पायरीला पंधरा मिनिटे कसून परीक्षा. यंत्र अडखळले तर व्होल्टेज चिमूटभर, ०.०१ ते ०.०२ व्होल्टने, वाढवायचे. ते ‘ऑटो’वर सोडू नये, मदरबोर्ड त्या बाबतीत लग्नघरच्या आचाऱ्यासारखा सढळ असतो. खरे जपायचे ते व्होल्टेजला. वेग वाढला की उष्णता त्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढले की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा टक्क्यांनी चढवा, उष्णता एक तृतीयांशाने चढते. शिवाय जादा व्होल्टेजने प्रोसेसर हळूहळू झिजतो. २०२४ साली इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजनेच अस्थिर होत होते, हे कंपनीलाच मान्य करावे लागले. आमच्या यंत्रासाठी आम्ही १.३५ व्होल्ट आणि ८५ अंश अशा दोन लक्ष्मणरेषा आखल्या. तो प्रोसेसर १०० अंशांना आपणहून वेग कमी करतो, पण तिथवर जायचेच कशाला?

४४, ४५, ४६, ४७ सुरळीत गेले. ४९ ला पडदा काळा झाला आणि यंत्र सुरूच होईना. माझ्या पोटात गोळा आला. चिरंजीवांनी शांतपणे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढली, थोड्या वेळाने परत बसवली आणि यंत्र आपल्या जुन्या ४३ वर येऊन नमस्कार करून उभे राहिले. इतके सोपे! मी निर्धास्त झालो, आणि चूक तिथेच झाली.

४८ ला, १.३० व्होल्टवर, पंधरा मिनिटांची परीक्षा पार पडली. एकांकिकेची फीत पंचेचाळीस मिनिटांत निघाली. जल्लोष झाला, हिने चिवड्याच्या बशा आणल्या. त्या भरात मी म्हटले, “लगे हाथ ओव्यांची एक गाठोडी बांधून टाक, मावशीला पाठवायची आहे.” गाठोडी बांधली गेली. रात्री ती उघडून पाहावी म्हटले, तर उघडेना. आतल्या सतरा ओव्या खराब निघाल्या.

यंत्र बंद पडले नव्हते. पडदा निळा झाला नव्हता, काळा झाला नव्हता. तापमान ८० होते. ते शांतपणे बेरजा करत होते आणि मधूनच एखादी चुकवत होते.

त्या रात्री चिरंजीवांनी ‘प्राइम९५’ लावून ठेवले. ही आज्ञावली मूळची प्रचंड मूळसंख्या शोधण्यासाठी केलेली. तिच्या परीक्षेत यंत्राकडून अवघड गणिते करून घेतात आणि आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतात. पंधरा मिनिटांत काही दिसले नव्हते. पहाटे उठून पाहतो तो दोन तास चाळीस मिनिटांनी एक उत्तर चुकलेले! मी कपाट उघडून ती डिस्क पुन्हा एकदा हाताने चाचपली. मूळ ओव्या दोन्हीकडे शाबूत होत्या. बिघडले होते ते गाठोडेच.

“बाबा, चूक माझी,” चिरंजीव म्हणाले. “रात्रभर तपासल्याशिवाय तुमच्या फाइलींना हात लावायला नको होता.” घाई मी केली होती, हे त्याने बोलून दाखवले नाही.

अखेर आम्ही ४६ वर आलो, १.२४ व्होल्ट. सलग दोन रात्री परीक्षा झाली, एकही उत्तर चुकले नाही, तापमान ७४ च्या वर गेले नाही. एकांकिकेच्या फितीला आता सत्तेचाळीस मिनिटे लागतात. पाच रात्रींच्या खटपटीची कमाई तीन मिनिटे! ही हे ऐकून इतकी हसली की चहा उतू गेला. मला मात्र तो सौदा महाग वाटत नाही. ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत, एक मावशीकडे. आणि बाप-लेकांनी सलग पाच रात्री एका टेबलाशी बसण्याचा प्रसंग त्याआधी केव्हा आला होता, ते मला सांगता येणार नाही.

एक गोष्ट दिवाळीच्या थंडीत आमच्या ध्यानात आली नव्हती. खोली बारा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तितकाच तापतो. वैशाखात भर दुपारी परीक्षा घेतली तर आकडा ८६ वर गेला. तेव्हा उन्हाळ्यापुरता गुणक ४५ वर आणला आणि पावसाने जोर धरल्यावर पुन्हा ४६. भिंतीवरच्या कॅलेंडरात गॅसच्या नोंदीशेजारी चिरंजीवांनी ‘४५, १.२२’ असे लिहून ठेवले होते. हिने तो दुधाचा हिशोब समजून महिनाअखेरीस दूधवाल्याशी वाद घातला.