व्याज दोनच टक्के, मग पैसे कमी का आले?



आमच्या नशिराबादला जूनमध्ये शाळा उघडते आणि पेरणीचा खर्चही त्याच वेळी निघतो. अशाच दिवसांत एक आई मोबाईल घेऊन वर्गाच्या दाराशी आल्या. "मॅडम, पाच हजाराचं कर्ज घेतलं. खात्यात चारच हजार आले. व्याज तर दोनच टक्के होतं ना, मंग बाकीचे कुठे गेले?"

ॲपवरचं सगळं त्यांच्या मुलाने वाचलं होतं आणि 'मान्य आहे' हे बटणही त्यानेच दाबलं होतं. तो माझा सहावीचा विद्यार्थी. 'बँक व सरळव्याज' या प्रकरणात त्याला पूर्ण गुण होते! त्या दिवशी मला माझ्याच शिकवण्याची लाज वाटली.

आता हे गणित बघा.

मंजूर कर्ज ५००० रुपये. प्रोसेसिंग फी आणि इतर आकार १००० रुपये आधीच कापले. हातात आले ४०००. महिन्याने २ टक्के व्याज धरून परत करायचे ५१००. म्हणजे ४००० रुपये महिनाभर वापरायला ११०० रुपये मोजले. महिन्याला साडेसत्तावीस टक्के, वर्षाला ३३० टक्के! व्याज दोन टक्के हे खोटं नव्हतं. पण खरा खर्च 'फी' या शब्दाआड लपला होता.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत पगाराआधी उचल देणारी काही ॲप्स व्याजाऐवजी 'ऐच्छिक टिप' मागतात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये डेव्ह या ॲपविरुद्ध दावा दाखल केला. टिप आधीच भरलेली असायची, ती काढायची कशी हे अनेकांना कळत नव्हतं आणि टिप दिली तर मुलांना जेवण मिळेल असं भासवलं जायचं, असे आरोप त्यात होते. ५०० रुपयांच्या आठवड्याच्या उचलीवर ५० रुपये टिप दिली, तरी आठवड्याला दहा टक्के झाले. नाव काहीही द्या, पैसा खिशातूनच जातो.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम केले. कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' हा तपशील द्यावाच लागतो. त्यात फीसह सगळा खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. त्यात नसलेला आकार नंतर लावता येत नाही. ॲपला तुमच्या फोनमधले नंबर बघण्याचीही परवानगी नाही. बेकायदा ॲपची तक्रार 'सचेत' पोर्टलवर करता येते. फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा.

पण नियम वाचणार कोण? घरात वाचणारा तर आपलाच विद्यार्थी आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की मुद्दल, व्याज, रास शिकवून आपलं काम संपत नाही. मी आता फळ्यावर तीन प्रश्न लिहिते:

१. हातात किती आले?
२. परत किती द्यायचे?
३. किती दिवसांत?

पालकहो, गरजेला कर्ज घेण्यात कमीपणा नाही. फक्त बटण दाबण्याआधी हे तीन आकडे मुलाकडून वहीत लिहून घ्या. उत्तर मिळालं नाही, तर बटण दाबू नका.

आणि शिक्षकांनो, पुढच्या पालकसभेत हे एक गणित सोडवाच.