मुलांच्या जागेचे भाडे

महापालिकेच्या सभेपुढे जी विषयपत्रिका येते तिच्यात रस्ते, पूल आणि जलवाहिन्या यांचे कोट्यवधी रुपयांचे प्रस्ताव असतात. त्या गर्दीत एखाद्या धर्मादाय संस्थेचा भाडेसवलतीचा अर्ज आला तर त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. कोणी सभासद सहानुभूतीचे चार शब्द बोलतो, कोणी नियमावर बोट ठेवतो आणि विषय पुढील सभेवर ढकलला जातो. अर्जदार संस्था मुलांचे संग्रहालय चालवणारी असली तर तिची स्थिती अधिकच केविलवाणी होते. कारण ज्यांच्यासाठी ती झटते त्यांना मताचा अधिकार नसतो, त्यांची संघटना नसते आणि त्यांचा मोर्चाही निघत नाही. तथापि अशा एका लहानशा अर्जात नगरकारभारातले एक मूलभूत तत्त्व गुंतलेले असते. सार्वजनिक मालकीच्या जागेचे मोल कोणत्या मापाने करावयाचे, हा तो प्रश्न होय.

बालसंग्रहालय ही कल्पना मुळात अमेरिकेतली. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात १६ डिसेंबर १८९९ रोजी, बागेतल्या एका जुन्या हवेलीत, केवळ मुलांसाठी म्हणून जगातील पहिले संग्रहालय उघडले. १९१३ मध्ये बोस्टनने तोच कित्ता गिरवला. पुढे १९६२ पासून बोस्टनच्या संग्रहालयाची धुरा मायकेल स्पॉक यांच्याकडे आली आणि संग्रहालयाच्या रूढ कल्पनेलाच कलाटणी मिळाली. ‘हात लावू नका’ ही पाटी त्यांनी उतरवली. नित्य वापरातल्या वस्तू मधोमध चिरून त्यांच्या पोटात काय आहे ते मुलांपुढे मांडले. पाहण्याबरोबर हाताळणे, जोडणे आणि मोडणे हेही शिक्षणच आहे, हा विचार तेथून जगभर पसरला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिक्षणाचा जो पुरस्कार केला आहे, तो याच विचाराच्या कुळातला आहे.

परंतु विचार जितका उदात्त, तितका त्याचा व्यवहार अवघड. जेथे मूल वस्तू हाताळते तेथे वस्तू झिजते आणि मोडते. धावायला, बसायला, पसारा मांडायला ऐसपैस जागा लागते. लक्ष ठेवायला माणसे लागतात. जागा मोठी, झीज मोठी आणि गिऱ्हाईक मात्र खिसा रिकामा असलेले, असा हा धंदा आहे; म्हणूनच तो धंदा होऊ शकत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, ५,००० चौरस फुटांची जागा आहे आणि केवळ गणितासाठी तिचे भाडे दरमहा चौरस फुटास ६० रुपये धरले. महिन्याचे ३ लाख, वर्षाचे ३६ लाख रुपये झाले. वर्षाकाठी २०,००० मुले आली तर एकेका मुलामागे १८० रुपये नुसत्या भाड्यात जातात. दिवा लागलेला नसतो, शिपायाचा पगार झालेला नसतो, मोडलेले खेळणे दुरुस्त झालेले नसते. मुलांची संख्या दुप्पट केली तरी भाड्याचा भार ९० रुपयांखाली येत नाही. हा भार प्रवेशमूल्यावर टाकला तर संग्रहालय चालेलही; पण ते कोणासाठी चालेल? ज्या घरात पुस्तके आहेत, खेळणी आहेत, सुटीत प्रवास आहे, त्याच घरातली मुले तेथे येतील. महापालिकेच्या शाळेतले मूल दाराबाहेरच राहील आणि महापालिकेच्याच मालकीच्या इमारतीत त्याला मज्जाव झाल्यासारखे होईल.

हे संकट काल्पनिक नाही. २०२० मध्ये महामारीने संग्रहालयांची दारे बंद केली, तेव्हा अमेरिकेतील संग्रहालयांच्या महासंघाने केलेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश संचालकांना पुढील सोळा महिने संस्था तग धरील अशी खात्री वाटत नव्हती. स्पर्शावरच ज्यांचे सारे शिक्षण उभे आहे अशा बालसंग्रहालयांना तर स्पर्शच वर्ज्य झाल्यावर उरले काय? पुढे मार्च २०२५ मध्ये ग्रंथालये व संग्रहालये यांना साहाय्य देणारी तेथील संघराज्याची संस्था गुंडाळण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला, अनेक अनुदाने थांबली आणि प्रकरण न्यायालयात गेले. वरून येणारा पैसा असा बेभरवशाचा ठरू लागला की संस्थांचे डोळे आपापल्या नगराकडे वळतात. जेथे इमारतच नगराच्या मालकीची असते, तेथे पहिले मागणे भाड्याचेच असते.

आपल्याकडे हा प्रश्न तितक्या तीव्रतेने पुढे आलेला नाही याचे कारण समाधान मानण्यासारखे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले, ते आपल्याच आवारात. पुण्यात मुलांना विज्ञानाची गोडी लावणारी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीच्या आधाराने उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची विद्या हजारो मुलांपर्यंत पोहोचवली. तिलाही ठाव मिळाला तो ‘आयुका’च्या आवारात. दोन्ही कामे अभिनंदनीय आहेत. पण त्यांत एक समान सूत्र आहे: मोठ्या घराच्या ओसरीवर मुलांना जागा मिळाली. ज्या संस्थेला अशी ओसरी लाभत नाही, तिने शहरात पाय कोठे टेकावा? देणारे नागरिक आपल्याकडे नाहीत असे नव्हे. दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेला आपला संग्रह १९७५ मध्ये राज्याच्या स्वाधीन केला आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्याला कायमचे जोडले. वस्तू देणारा भेटतो, वेळ देणारा भेटतो. चौरस फूट देणारा भेटत नाही.

येथे महापालिकेची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. तिची जागा ही करदात्यांची ठेव आहे. तिचे भाडे सोडणे म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे पाणी, कोणाच्या तरी शाळेचे छप्पर सोडणे होय. शिवाय समाजकार्याच्या नावाने नाममात्र भाड्यावर घेतलेल्या जागेत पुढे लग्नाचे हॉल, व्यायामशाळा आणि उपाहारगृहे कशी उगवतात, हे नागरिक पाहत आले आहेत. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा तो कारभार असतो. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ मध्ये जे वादळ उठले, त्याच्या मुळाशी हाच अविश्वास होता. म्हणून बाजारभावाचा आग्रह धरणारा अधिकारी मुलांचा वैरी आहे असे समजणे अन्यायाचे होईल. तो आपले कर्तव्य करीत असतो, आणि कायदाही त्याच्या पाठीशी असतो. मुंबईचा अपवाद सोडल्यास आपल्या राज्यातील महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाचे कलम ७९ असे सांगते की, महापालिकेची स्थावर मिळकत विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना तिचा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. कलम स्पष्ट आहे आणि लोकांच्या मिळकतीची लूट थांबवण्यासाठी ते आवश्यकही आहे.

मात्र त्याच अधिनियमात कलम ६६ देखील आहे. महापालिकेने स्वेच्छेने करावयाच्या कामांची यादी तेथे दिली असून, ग्रंथालये, संग्रहालये व कलादालने स्थापन करणे, चालवणे किंवा त्यांना साहाय्य देणे याचा त्या यादीत समावेश आहे. भाडे बाजारभावाखाली उतरवू नका असे एक कलम म्हणते. संग्रहालयाला मदत करा, आमची हरकत नाही, असे दुसरे म्हणते. या दोहोंत विरोध नाही. दोन्ही एकत्र वाचली तर मार्ग आपोआप दिसतो. भाडे पूर्ण आकारावे, ते वहीत जमेस दाखवावे आणि संग्रहालयास द्यावयाचे साहाय्य अनुदान म्हणून खर्चाच्या बाजूस उघडपणे लिहावे. रक्कम एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. माफ केलेले भाडे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दिलेले अनुदान दरवर्षी अंदाजपत्रकात दिसते, त्यावर चर्चा होते, त्याचा जाब विचारता येतो. अंधारात दिलेली सवलत आज एका बालसंग्रहालयाला मिळाली तर उद्या त्याच अंधारातून कोणा वजनदार माणसाचे मंडळ ती उचलून नेते. उजेडात दिलेल्या साहाय्याला ते भय नाही.

साहाय्य द्यावे की नाही, हे ठरवण्याचे मापही मग हाताशी येते. आमच्या उदाहरणातले ३६ लाख रुपये घ्या. त्या बदल्यात महापालिकेच्या शाळांतील १०,००० मुले वर्षातून एकदा विनामूल्य संग्रहालयात येणार असतील तर एका मुलामागे ३६० रुपये पडले. एक दिवसाच्या अशा शिक्षणासाठी ही रक्कम योग्य आहे की नाही, याचा विचार सभासदांना करता येईल. पण अशी मुले हजारच येणार असतील तर तोच खर्च मुलामागे ३,६०० रुपयांवर जातो आणि तेव्हा नकार देण्यात कोणताही निर्दयपणा नाही. मुलांच्या नावापुढे मान तुकवण्याऐवजी मुलांची संख्या विचारावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. भाडे हाच संस्थेचा खरा रोग आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे ‘प्लीज टच’ संग्रहालय १९७६ मध्ये सुरू झाले. १८७६ च्या शतसांवत्सरिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या, शहराच्याच मालकीच्या भव्य वास्तूत ते २००८ मध्ये गेले. वास्तूच्या डागडुजीसाठी आणि स्थलांतरासाठी सुमारे ६ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यात आले होते. नाकापेक्षा मोती जड झाला. अपेक्षिलेल्या देणग्या आल्या नाहीत आणि सप्टेंबर २०१५ मध्ये संस्थेला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कर्जरोखेधारकांनी मोठ्या रकमेवर पाणी सोडले तेव्हा कोठे संग्रहालय वाचले. शहराची इमारत लाभूनही, ती पेलण्याची ऐपत नसेल तर संस्था बुडू शकते, हा त्यातला धडा आहे. म्हणून सवलत मागणाऱ्या संस्थेने गेल्या काही वर्षांचे तपासलेले हिशेब सभेपुढे ठेवावेत, आणि भाडे नसते तर आपला संसार चालला असता काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे. सार्वजनिक न्यासांना हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावेच लागतात. ते नागरिकांसमोर ठेवण्यास संकोच कसला?

अशा व्यवस्थेला आधार नाही असेही नाही. ब्रुकलिनचे ते आद्य बालसंग्रहालय आज न्यूयॉर्क शहराच्या मालकीच्या इमारतीत चालते. शहर त्याच्या चालू खर्चाला नेमाने हातभार लावते आणि संस्था त्याच्या मोबदल्यात नागरिकांची सेवा करण्यास बांधलेली असते. परदेशाचे राहू द्या. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचेच. ते मोडकळीस आले असता २००३ मध्ये महापालिका, ‘इन्टॅक’ आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी त्रिपक्षीय करार केला आणि २००८ मध्ये ती वास्तू नव्या तेजाने लोकांसाठी खुली झाली. कोणी काय द्यावयाचे आणि कोणी काय करावयाचे, हे कागदावर आणून केलेले काम टिकते, याचा तो दाखला होय.

तेव्हा बालसंग्रहालयाचा अर्ज सभेपुढे आला की त्याचे भिक्षापात्र होऊ देऊ नये आणि त्याला हक्काचे रूपही देऊ नये. त्याचा करार करावा. करार निदान दहा वर्षांचा असावा, कारण दरवर्षी सभागृहाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या संस्थेला मुलांकडे पाहायला सवड उरत नाही. दर तीन वर्षांनी त्याचे परीक्षण व्हावे. महापालिकेच्या शाळांतील किती मुले विनामूल्य येतील, हा आकडा करारात असावा आणि त्यांना आणण्यासाठी बसची सोय कोणी करावयाची हेही त्यात असावे. अन्यथा फुकट प्रवेशाचा पास कागदावरच राहतो. पोटभाडेकरू, समारंभ आणि भोजनावळी यांना त्यात थारा नसावा. अटी मोडल्या तर जागा परत घेण्याचा अधिकार महापालिकेने राखून ठेवावा, आणि प्रसंग आल्यास तो वापरावाही.

शहरातल्या जमिनीचा भाव वाढतच जाणार. बाजाराच्या तराजूत मुलांचे पारडे नेहमी वरच जाईल, कारण त्यांच्याकडे वजन टाकायला काही नाही. ते वजन टाकण्याचे काम नगरपित्यांचे आहे आणि ते त्यांनी उघड्यावर, वजनमाप सर्वांना दिसेल अशा रीतीने करावे. तसे केले तर भाडेसवलतीबद्दल पुढे कोणी बोट दाखवणार नाही. आणि तसे न करता, विषय पुढील सभेवर ढकलण्याची जुनी चाल चालू ठेवली, तर सभा होत राहतील. मुले मात्र तोवर मोठी होऊन गेलेली असतील.