नामांकित नव्हे, योग्य शल्यचिकित्सक हवा

मानवत-सेलूच्या पट्ट्यात कापूस वेचणीचा हंगाम भरात आला की स्त्रियांच्या हातांना उसंत नसते. दिवस बोंडे वेचण्यात जातो आणि मध्यरात्री तोच हात मुंग्या येऊन बधिर होतो. उठून हात झटकला की बरे वाटते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. अंगठा व शेजारच्या दोन-अडीच बोटांनाच मुंग्या येत असतील, करंगळी मात्र सुटत असेल, तर मनगटातील अरुंद बोगद्यात नस दबल्याचा संशय घ्यावा. यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. कित्येकदा दोष मानेला दिला जातो आणि पट्टा व मालिश यांत मोलाचे महिने वाया जातात.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की घरात एकच प्रश्न उभा राहतो : न्यायचे कुठे? परभणीकर कुटुंबाची नजर आपोआप नांदेड, संभाजीनगर किंवा थेट पुण्याकडे वळते. शहर जितके मोठे तितका डॉक्टर मोठा, ही समजूत त्यामागे असते. वस्तुतः ही शस्त्रक्रिया लहान आहे. हाताचा भाग बधिर करून नसेवरील बंध कापला जातो आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. अस्थिरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन व हाताचे विशेष शल्यचिकित्सक ती करतात.

म्हणून पाटीवरील पदव्या मोजण्यापेक्षा नेमके प्रश्न विचारावेत. ही शस्त्रक्रिया डॉक्टर नियमितपणे करतात काय? नसेची विद्युतचाचणी आवश्यक आहे काय? मधुमेह व थायरॉइड तपासले काय? रात्री मनगटाला आधारपट्टी बांधून किंवा इंजेक्शनने भागेल काय? या प्रश्नांची शांतपणे उत्तरे देणारा डॉक्टर जवळ असेल, तर दूर जाण्याचे कारण नाही. पूर्वीची शस्त्रक्रिया फसली असेल किंवा मनगटाचे हाड वाकडे जुळले असेल, तर मात्र शहरातील विशेषज्ञच गाठावा. अंगठ्याच्या मुळाशी मांस झडू लागले असेल, तर विलंब नकोच. गेलेली शक्ती पूर्ण परतेलच असे नाही.

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कष्टकऱ्यांच्या या जिल्ह्यात हातांच्या विकारांसाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवणे त्याला शोभून दिसेल. खर्चाच्या धास्तीने घरी बसण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

सुशिक्षित घरांचे कर्तव्य याहून थोडे अधिक आहे. शेतात राबणारी, धुणेभांडी करणारी बाई डॉक्टरांपुढे प्रश्न विचारायला कचरते. तिच्यासोबत जाऊन ते प्रश्न विचारणे, ही अर्ध्या दिवसाची सेवा आहे. पुढच्या हंगामात तिचा हात चालेल की नाही, हे कदाचित त्या अर्ध्या दिवसावरच ठरेल.