आधी घरची बेगमी, मग बाजार



"तू तर घरीच असतेस, मग पैसे जातात कुठे?" हा प्रश्न घर व मुले सांभाळणाऱ्या आम्हां बायकांना वर्षातून एकदा तरी ऐकावा लागतो. बहुधा पावसाळ्यात, दुकानदाराची उधारीची वही पुढे आली म्हणजे. प्रश्न रागाचा असला तरी वाजवी आहे. त्याचे उत्तर आम्ही शांतपणे द्यायचे ठरविले आहे.

नोकरदाराला पगार दर महिन्याला मिळतो. आपल्या बेळगाव-खानापूर भागात भाताचे पैसे नाताळाच्या सुमारास येतात आणि उसाचे बिल येईल तेव्हा येते. खर्च मात्र रोजचा. हाती पैसा आला की आधी सोसायटीचे कर्ज, मग ट्रॅक्टरचे भाडे, खतवाला, सणाचे कपडे, लग्नातले आहेर. घरखर्चाला उरेल ते. मृग लागेपर्यंत तेही संपते आणि उधारी सुरू होते. उधारी घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, शेजारच्या दुकानात जाता येत नाही, आणि एकदम दहा किलो मागायचीही लाज वाटते. मग चहापूड दहा रुपयांची, तेल पावशेर, डाळ पावशेर. उधार देणाऱ्या दुकानदाराला आम्ही वाईट म्हणत नाही; अडल्या वेळी तोच उपयोगी पडतो. पण थांबलेल्या पैशाची किंमत तो मालावर चढविणारच.

याहून मोठी चूक आपली आपणच करतो. भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर आपण मसूर, हरभरा, वाटाणा घेतो. मळणी झाली की पोती व्यापाऱ्याला घालतो, आणि श्रावणात तीच मसूर दुकानातून पावशेर पावशेर विकत आणतो. विकताना घाऊक भाव, घेताना किरकोळ! मधला फरक, हमाली, गाडीभाडे आणि दुकानदाराचा नफा, सारे आपल्याच खिशातून.

यात पैशांपेक्षा मोलाची गोष्ट जाते, ती आरोग्याची. हात आखडला म्हणजे काटकसर कोणाच्या ताटात होते? नवऱ्याला कष्ट आहेत, मुले वाढती आहेत, म्हणून आमटी त्यांच्याकडे जाते आणि आई उरलेल्या भातावर लोणचे घेऊन उठते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. लावणीच्या चिखलात चक्कर येऊन बसणारी बाई आळशी नसते. तिची वाचविलेली आमटी पुढे दवाखान्याच्या बिलात दामदुपटीने भरावी लागते. अशा बचतीला आम्ही बचत म्हणत नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. सुगीच्या पैशातून आणि धान्यातून घरच्या बेगमीचा वाटा सर्वांत आधी निघाला पाहिजे. बियाणे आपण कोणी मागितले तरी विकत नाही. तसेच घरच्या डाळीचे मानावे. हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात माणशी 50 ग्रॅम धरली तर दिवसाला 250 ग्रॅम, म्हणजे पावसाळ्याच्या 120 दिवसांना 30 किलो डाळ-कडधान्य लागते. एवढे बाजूला काढून मगच व्यापाऱ्याला बोलवावे. तेल, मिरची, गूळ, साबण यांची रोकडही त्याच दिवशी घर चालविणाऱ्याच्या हाती किंवा खात्यावर द्यावी. काही घरांत आई नोकरीला जाते आणि बाप घरी मुले पाहतो; तेथे ती बापाच्या हाती द्यावी.

मात्र पैसा हाती मागणाऱ्या आम्हीही जबाबदारी घेतली पाहिजे. रविवारी मिस्सा आटोपून आल्यावर नवराबायकोने वही घेऊन दहा मिनिटे बसावे. हल्ली फोनवरून पैसे देताना खर्च दिसतच नाही. तोही वहीत उतरवावा. बाजाराला यादी घेऊन व जेवून जावे. पुड्यांवर छापील किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भावही छापायचा नियम आहे. तो वाचावा. मोठे पाकीट स्वस्तच असते असे डोळे झाकून मानू नये. शाम्पूची पुडी कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. त्याहून अधिक देऊ नये, कमी करून मागायला लाजू नये.

साठविलेले टिकले पाहिजे, हेही खरे. कडधान्य दोन-तीन कडक उन्हे देऊन, निववून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवावे. डाळीला एरंडेलाचा हात लावावा, कडूनिंबाचा वाळला पाला घालावा. पण धान्यातल्या किडीसाठी मिळणाऱ्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नयेत. त्यांचा वायू झोपेतल्या माणसाचा जीव घेतो. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची सवयही सोडावी.

आणि काटकसर कोठे करायची? बिस्किटांचे पुडे, रंगीत पेये, तळणाचे तेल, दिवसाचा चौथा चहा यांत करावी. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी आमटीवर लिंबू पिळावे, ते लोह अंगी लावते. डाळ, अंडे, मुलांचे दूध, परसातला शेवगा, नाचणीची आंबील यांत काटकसर नको. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरावे. चार पैसे वाचविण्यासाठी साधे मीठ आणून गलगंडाला आमंत्रण देऊ नये.

कोणी म्हणेल, सुगीला कर्जवाले दारात उभे असतात, बेगमी कशी काढणार? अडचण खरी आहे. सारे एका वर्षात जमणार नाही. यंदा नुसती डाळ बाजूला काढा. पुढल्या वर्षी तेल घ्या. एक पावसाळा वहीशिवाय निघाला की त्याचा फायदा घरातल्या सगळ्यांनाच कळेल.

15 मे रोजी आपण शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण पाळतो. पावसापूर्वीच्या बेगमीची वेळही तीच. त्यांची पत्नी मरिया हिच्याविषयी परंपरा सांगते, की दारी येणाऱ्या भुकेल्यासाठी तिच्या चुलीवर रश्शाचे भांडे कायम असे. गरिबाघरची ती बाई दुसऱ्याला वाढू शके, कारण तिचे भांडे रिकामे नसे. आपल्या घरातही यंदाच्या श्रावणात पातेल्यात आमटी असावी, ती आईच्या ताटातही पडावी, आणि वाटसरू आला तर त्यालाही पुरावी. एवढ्यासाठीच हा हिशेब.