गामिनीचा डाव

हुतूतू खेळण्याच्या पूर्वी तीन रीती होत्या, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिली संजीवनी. तीत आपला गडी बाद झाला, तरी आपल्या बाजूने प्रतिपक्षाचा एक गडी बाद करताच आपला गडी जिवंत होऊन मैदानात परत येई. आजच्या कबड्डीने हीच रीत स्वीकारली आहे. दुसरी अमर. तीत बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. प्रतिपक्षाच्या नावावर गुण मांडला जाई आणि खेळ पुढे चालू राही. तिसरी गामिनी. तीत बाद झालेल्याने आपल्या संघातील शेवटचा गडी पडेपर्यंत रेषेबाहेर बसून राहायचे. मधूनच उठणे नाही. आमच्या आळीतील थोरली मुले गामिनी खेळत. त्या डावात चढाईस निघालेल्या गड्याचे पाऊल किती जपून पडे आणि पाहणारी आम्ही लहान मुले कशी श्वास रोखून बसत असू, ते मला अजून आठवते.

या विसरलेल्या रीतीची आठवण मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत झाली. करून दिली ती माझ्या बारा वर्षांच्या नातवाने, आणि तीही संगणकावरील एका खेळामुळे.

त्या खेळाचे नाव नेटहॅक. त्याचे कूळ थोडक्यात सांगितले पाहिजे. १९८० साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. हा आपल्याकडील रोग नव्हे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लुच्चा, ठक असा आहे. केन अर्नोल्ड हा तिसरा तरुण पुढे त्यांना येऊन मिळाला. त्या काळी संगणकावर जे साहसाचे खेळ होते, ते एकदा सोडवले की संपत. कारण कोडे तेच आणि उत्तरही तेच. या मित्रांना असा खेळ हवा होता, की जो रचणाऱ्यालाही दर वेळी नवा वाटावा. म्हणून भुयाराची आखणी त्यांनी संगणकावरच सोपवली. प्रत्येक डावाला संगणक दालने, वाटा, राक्षस आणि खजिने नव्याने मांडी. वीराने सव्विसाव्या पातळीपर्यंत खाली उतरून येंडरचा ताईत मिळवायचा आणि तो घेऊन पुन्हा सूर्यप्रकाशात यायचे, असा तो खेळ. पडद्यावर चित्रे मुळीच नव्हती. वीर म्हणजे एक चिमुकले चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजीची सव्वीस मुळाक्षरे! पुढे याच धर्तीवर अनेक खेळ निघाले. त्यांना ‘रोगलाइक’ असे नाव पडले. १९८७ साली आलेला नेटहॅक हा त्यांपैकी एक. तो आजही खेळला जातो.

या कुळाचा एक कठोर नियम आहे. वीर एकदा मेला, की तो कायमचा मेला. खेळ मध्येच थांबवून जतन करता येतो; पण तो केवळ पुढे चालू ठेवण्यासाठी. पुन्हा उघडताच जतन केलेली प्रत पुसली जाते. वीर पडला की पडद्यावर एक थडगे उमटते, आणि त्यावर त्याचे नाव, त्याच्याजवळचे सोने व मृत्यूचे कारण लिहिलेले दिसते. २००८ साली बर्लिन येथे अशा खेळांचे रचनाकार जमले असता त्यांनी या खेळांच्या लक्षणांची एक यादी केली. तीत ‘कायमचा मृत्यू’ हे एक प्रमुख लक्षण मानले गेले. आपल्या हुतूतूच्या भाषेत सांगायचे, तर ही सारी गामिनीची मंडळी.

माझ्या नातवाने सामुराई हा वीर निवडला होता. सामुराईबरोबर हाची नावाचे एक लहानसे कुत्रे असते. नऊ संध्याकाळी खपून नातवाने आपला वीर बाराव्या पातळीपर्यंत नेला. एव्हाना हाची चांगला मोठा झाला होता आणि जेवताना घरात त्याच्याच पराक्रमाच्या गोष्टी चालत. दहाव्या संध्याकाळी एका अरुंद बोळात ‘तरंगता डोळा’ नावाचा जीव वाटेत आडवा आला. हा जीव आपण होऊन कोणाला इजा करत नाही आणि गोगलगाईच्या गतीने सरकतो. मात्र त्याच्यावर जवळून वार केला, तर त्याची नजर वार करणाऱ्याला जागीच खिळवून टाकते. नातवाला हे पक्के ठाऊक होते. परंतु स्वयंपाकघरातून जेवणाची हाक दुसऱ्यांदा आली होती. घाईघाईने त्याने तलवार चालवली. वीर खिळला. मागून सैनिक मुंग्या आल्या आणि त्या निश्चल देहाला डसत राहिल्या. थोड्याच वेळात थडगे उमटले. सामुराईजवळ धनुष्य होते, बाण होते. दुरून चार बाण मारले असते, तर वाट मोकळी झाली असती. नव्हता तो केवळ दोन क्षणांचा धीर.

त्या रात्री मुलगा जेवला नाही. खरे सांगायचे, तर मलाही त्या खेळाचा राग आला. एका चुकीसाठी नऊ दिवसांचे श्रम हिरावून घेणारा हा कसला खेळ, असे मी मनात म्हटले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या एका मित्राने त्याला युक्ती सांगितली. जतन केलेल्या फाइलची एक नक्कल आधीच दुसरीकडे लपवून ठेवायची. वीर मेला की ती परत आणून ठेवायची. नातू माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आजोबा, यात कोणाचे काय बिघडले? खेळ माझा, संगणक आपला. कोणाला कळणारही नाही.”

प्रश्न खरा होता. केवळ ‘ही लबाडी आहे’ एवढे म्हणून तो सुटणारा नव्हता. मी एक दिवस मागून घेतला, आणि विचारान्ती माझे जे मत झाले, ते तुम्हांपुढे ठेवतो.

संजीवनीत वाईट काही नाही, अमरमध्येही नाही. ज्याला जो डाव रुचेल, तो त्याने आनंदाने खेळावा. खुद्द नेटहॅकमध्येच सरावासाठी एक उघड सोय ठेवलेली आहे. त्या प्रकारात वीरावर मृत्यू ओढवला, तर ‘मरायचे काय?’ असे विचारले जाते आणि नकार देता येतो. मात्र त्या डावाचे गुण नोंदले जात नाहीत. शिकाऊ खेळाडूसाठी तो मार्ग सरळ आहे. परंतु डाव गामिनीचा मांडायचा आणि पंचाची पाठ वळताच बाद गड्याला हळूच आत घ्यायचे, यात आपलेच नुकसान आहे.

ते कसे, पाहा. नक्कल लपवून ठेवणारा मुलगा तरंगत्या डोळ्यापुढे क्षणभरही थांबणार नाही. अनोळखी औषध तो न हुंगता पिईल, कारण मेला तरी त्याचे जाते काय? हळूहळू त्याच्या पावलातील वजन नाहीसे होईल. आणि जेथे काही गमावण्याचे भय नाही, तेथे काही मिळवल्याचा आनंदही टिकत नाही. नक्कल वापरून कोणी येंडरचा ताईत वर आणलाच, तर तो इतरांना दाखवील खरा. पण तो आपण आणलेला नाही, हे त्याच्या मनाला ठाऊक असेल.

दुसरी गोष्ट. या खेळांत भुयार दर वेळी नवे असल्यामुळे पाठांतर चालत नाही. मी अनेक वर्षे मुलांना शिकवले. मार्गदर्शकातील उत्तर घोकून आलेला मुलगा प्रश्न जरा फिरवला की अडतो. धडा समजून घेतलेला अडत नाही. येथेही तसेच. वीर मेला म्हणजे तलवार गेली, चिलखत गेले, हाची गेला. उरले ते खेळणाऱ्याला आलेले शहाणपण. नव्या वीराबरोबर पहिल्या जिन्याने खाली उतरणारे तेवढेच एक सामान आहे.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, बोलणे सोपे आहे, नऊ संध्याकाळी तर गेल्याच ना?” होय, गेल्या. त्या परत येणार नाहीत, आणि त्यांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. शिवाय प्रत्येक मृत्यू आपल्याच चुकीने येतो, असेही नाही. कधी एखाद्या क्षुद्र बुटक्याच्या हाती मृत्यूची कांडी लागलेली असते, आणि मग शहाण्याचेही काही चालत नाही.

म्हणून मी नातवाला एवढेच सुचवले. वीर पडला की त्या दिवशी खेळ बंद करावा. रडू आले तर रडावे. त्यात लाज कसली? रागाच्या भरात लगेच नवा डाव मांडू नये, कारण रागाने उतरलेला वीर दुसऱ्या पातळीपलीकडे क्वचितच जातो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. शेवटच्या दहा चाली कोणत्या झाल्या? झोळीत न वापरलेले काय उरले होते? आणि यात चूक किती व नशीब किती? जी चूक असेल ती मान्य करावी. जे नशीब असेल ते सोडून द्यावे. चुकीला नशीब म्हणणारा सुधारत नाही, आणि नशिबाला चूक म्हणणारा उगाच झुरतो.

माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट येथे सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत वर्गातील एका मुलाची कंपासपेटी नाहीशी झाली. मी पुरती चौकशी न करता शेजारच्या मुलाला भर वर्गात चोर म्हटले. दुसऱ्या दिवशी ती पेटी ज्याची होती त्याच्याच घरी सापडली. मी भर वर्गात त्या मुलाची क्षमा मागितली आणि त्याने ती दिलीही. परंतु त्या वर्षी माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही. माझ्या त्या शब्दाची जुनी प्रत कोठून आणणार होतो? मलाही दोन क्षणांचा धीर पुरला असता. संसारातील पुष्कळ डाव असे गामिनीचे असतात. वार करण्याआधी थांबावे, ही सवय जेथे केवळ पडद्यावरचे एक चिन्ह मरते तेथे लागली, तर ती स्वस्तातच मिळाली म्हणायची.

मात्र एक भेद कधी विसरू नका. खेळातला मृत्यू हा नावाचाच मृत्यू आहे. आपल्या घरातील माणूस जाते, तेव्हा वही उघडून कोणाची चूक झाली ते शोधायचे नसते आणि नवा डावही मांडायचा नसतो. तेथे एकमेकांजवळ बसायचे असते. तसेच, ज्या खेळापायी झोप, जेवण किंवा अभ्यास बुडू लागला, तो कितीही चांगला असला तरी काही दिवस मिटून ठेवावा.

नातवाने नक्कल केली नाही. त्याच्या वहीत आता अकरा मृत्यूंची नोंद आहे. नेटहॅकची आणखी एक गंमत अशी, की मेलेल्या वीराची पातळी कधी कधी पुढच्या डावात जशीच्या तशी समोर येते. तेथे त्याचे भूत असते आणि त्याचे सामानही पडलेले असते, पण ते बहुधा शापित झालेले असते. श्रावणात एका संध्याकाळी नातवाचा नवा सामुराई बाराव्या पातळीवर उतरला, तो नेमका त्याच बोळात! जुन्या वीराचे भूत तेथे होते, आणि पलीकडे तो तरंगता डोळाही होता. मी मागे उभा होतो. तेवढ्यात जेवणाची हाक आली. नातवाने डोळ्याकडे पाहिले, हाताची घडी घातली, मग खेळ जतन केला आणि तो पानावर जाऊन बसला.

जेवण झाल्यावर त्याने दुरून बाण मारले. चौदाव्या पातळीवर तोही वीर पडला. बारावी नोंद अजून लिहायची आहे.